पाहुण्याची कोंडी

आमच्या मायनं उभ्या आयुष्यात बास्केटबॉलचा एकच सामना पाहिला, आणि तोही पोटच्या पोरासाठी नव्हे, पाहुण्यासाठी. हे मी रुसून सांगत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही पाहुण्याकडेच पाहत राहिलो असतो. पण ती गोष्ट सांगायची तर आधी आमचं घर सांगावं लागेल, घर सांगायचं तर जिनिंग सांगावं लागेल, आणि जिनिंग सांगायला बसलो की माझी सून आतून ओरडते, बाबा, चहा थंड झाला. होऊ दे. या वयात गरम चहा पिऊन कोणाचं भलं झालंय?

घाटंजीत आमची वस्ती जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून होती. कापसाचा हंगाम लागला की सकाळच्या भोंग्याबरोबर कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय घरातल्या घरात बोलता येत नसे. हंगाम सरला तरी ती सवय सुटत नसे. शाळेत गुरुजी म्हणायचे, अरे ओरडतो कायले, मी काही बहिरा नाही. बाप प्रेसवर होता, म्हणजे जिथं रुई दाबून तिच्या गाठी बांधतात तिथं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भिवया, मिशा, कान सगळं पांढरं. माय त्याला आधी अंगणात उभं करून पदरानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. तरी पिठात, पाण्यात, वरणात कुठं ना कुठं तंतू निघायचाच. भाकरीत निघाला आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "खाय लेका, पोटात वाती वळजो."

बाप आणि वस्तीतले बरेच जण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. घरातले देव नदीत गेले. भिंतीतल्या देवळीत बुद्धाची तसबीर आली. माय सुरुवातीला सवयीनं कुंकवाचं बोट घेऊन त्या देवळीपुढं उभी राहायची, मग एकदम आठवण व्हायची आणि ते बोट स्वतःच्याच कपाळाला लावून मागं फिरायची. मेलेली ढोरं ओढणं वस्तीनं बंद केलं, भिंती चुन्यानं रंगवल्या, पोरं शाळेत घातली. गाव मात्र आम्हाला जुन्याच नावानं हाका मारत राहिलं. वाणी अजून पुडी वरूनच हातात टाके. एकदा चूल फुंकता फुंकता माय बापाला म्हणाली, "आपुन धरम बदलला, पन गावानं कुठी बदलला?" बाप बिडी विझवून उठून गेला. मायला फार काही नको होतं. कोणाच्या देवळात जायचं नव्हतं, कोणाच्या पंगतीला बसायचं नव्हतं. आपल्या माणसांखेरीज बाहेरच्या कोणी एकानं आमच्या घरी यावं, मांडी घालून बसावं, तिच्या हातचं पाणी प्यावं आणि जेवून जावं, एवढीच तिची भूक होती. आणि तसा कोणी येत नव्हता.

शाळेत आमचे ड्रिलमास्तर होते मानकर सर. अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेले, काटक, काळेसावळे, गळ्यात कायम शिटी. झोपतानाही ते शिटी काढत नाहीत अशी आमच्यात वदंता होती. त्यांनीच घाटंजीत बास्केटबॉल आणला. जंगलातून सागाचे दोन खांब आणवले, लोहाराकडून कड्या करवून घेतल्या, मुरमाच्या मैदानावर शेणपाण्याचा सडा घालून चुन्याच्या रेघा ओढल्या. कडीला जाळी नव्हती, त्यामुळं चेंडू आतून गेला की बाजूनं गेला यावर रोज एक तरी भांडण ठरलेलं. चेंडू कातड्याचा, वर वादीनं शिवलेला. ती वादी बोटाला लागली की साल निघायची. आणि मुरूम तर असा की आमच्या संघातल्या एकाही पोराचा गुडघा कधी अख्खा नसे.

मी संघात आलो तेव्हा कोणाच्या तरी वडलांनी सरांकडे येऊन कुरकुर केली, की सगळी पोरं एकाच माठातलं पाणी एकाच पेल्यानं पितात. नाव घेतलं नाही, पण मी खाली मान घालून उभा होतो, म्हणजे कळलंच सगळ्यांना. सरांनी मला जवळ बोलावलं, पेला भरून दिला, पी म्हणाले. मी अर्धा प्यालो. उरलेला त्यांनी माझ्या हातून घेतला आणि त्या गृहस्थांच्या देखत घटाघटा पिऊन टाकला. म्हणाले, "मैदानात मले बॉल दिसते, बाकी काही दिसत नाही." ते वाक्य आम्हा पोरांच्या तोंडी बसलं. अभ्यास झाला नाही तरी आम्ही म्हणायचो, मले बॉल दिसते. मी घरी येऊन मायला सांगितलं तेव्हा तिनं हातातली परात खाली ठेवली आणि सरांचं नाव मला पुन्हा एकदा घ्यायला लावलं. त्या माणसानं विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तर मी पाणी किती आहे हेसुद्धा विचारलं नसतं.

सरांचा सगळा जीव एका डावात होता. अमरावतीला त्यांनी तो कुठल्याशा बाहेरच्या संघाला खेळताना पाहिला होता. त्याला ते प्रेस म्हणायचे. आम्ही पोरं हसायला लागलो, कारण आमच्याकडं प्रेस म्हणजे गाठी बांधायचा कारखाना. सरही हसले आणि म्हणाले, चाला, कोंडी म्हना मंग. तेव्हापासून कोंडी. तेव्हाचे सगळे संघ चेंडू कडीतून टाकून टोपली केली की पाठ फिरवून आपल्या कडीखाली धावत जात आणि तिथं उभं राहून समोरच्याची वाट पाहत. सर म्हणायचे, मागं जाता कायले? जिथं चेंडू त्यांच्या हातात पडतो तिथंच उभे राहा. चेंडू आत फेकणाऱ्याच्या तोंडापुढं एक जण. ज्याच्या हाती चेंडू येईल त्याला मधून जाऊ द्यायचं नाही, रेघेकडं रेटत न्यायचं, कोपऱ्यात आणायचं, आणि मग दुसऱ्यानं येऊन दार लावायचं. रेघ हा आपला सहावा गडी, तो थकत नाही आणि हूल खात नाही. आणि हात लावायचा नाही. आमचे हात सारखे पुढं जायचे म्हणून सरांनी दुपट्ट्यानं ते पाठीमागं बांधले आणि तसंच आम्हाला मैदानभर आडवं सरकायला लावलं, पाय न ओलांडता. पोटऱ्या पेटायच्या. मुरमावर तोंडघशी पडलो तर सावरायला हात नाहीत. सर म्हणायचे, "हातानं चोरी होते, पायानं कोंडी होते."

दार लावणारा म्हणजे हिरामण. तांड्यावरचा पोरगा, माझ्याच वर्गातला. लहानपणापासून ढोरांमागं हिंडलेला. बुजलेल्या गोऱ्ह्याच्या अंगावर धावायचं नसतं, त्याची पळायची बाजू आधी अडवायची असते, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. आम्हा दोघांचं असं जमलं की मी कोणाला रेटत नेला की मागं न पाहताच मला कळे, हिरामण निघाला. दुपारी तो आमच्याकडंच जेवायचा. मायला तो त्यांच्या बोलीत याडी म्हणायचा, म्हणजे आईच, आणि माय त्याच्या ताटात माझ्यापेक्षा मोठी भाकर टाकायची. पण त्याला ती पाहुण्यात धरत नसे. तो घरचाच होता.

कोंडीत एक भोक असतं आणि सर ते आम्हाला रोज दाखवत. दोघं एकावर गेले की समोरचा एक गडी मोकळा राहतो. तो मोकळा गडी अडकलेल्याकडं धावत आला, हात पुढं करून चेंडू मागितला, की कोंडी फुटली. मग आपलं अख्खं मैदान मागं उघडं. सर म्हणायचे, कोंडलेल्याले भेऊ नका रे, जो त्याच्याकडे धावते त्याले भ्या. साठ वर्षं होत आली, पण हे वाक्य कानातून जात नाही.

त्या साली वणीकडच्या एका शाळेचा संघ आमच्याकडं खेळायला यायचा होता. जिंकेल तो पुढं यवतमाळला जाणार. घाटंजीच्या पोरांनी तोवर यवतमाळ पाहिलं होतं ते दवाखान्यासाठी नाहीतर कोणाच्या लग्नासाठी, त्यामुळं सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. तेव्हा बाहेरगावचा संघ आला की त्यानं शाळेत मुक्काम करायचा आणि जेवायला यजमान पोरांच्या घरी जायचं, असा रिवाज होता. एकेका घरी एकेक पाहुणा. सरांनी या रिवाजातूनही डाव काढला. म्हणाले, "ज्याले उद्या कोंडाचं, त्याले आज आपल्या घरी जेवाले न्या. अन् पाहा. कोन्या पायावर उठते, घाबरला तं कोनता हात पुढं करते. ताटावर बसलेला मानूस खोटं खेळत नाही." आम्हाला ही भारी अक्कल वाटली. मला कोंडायचा होता अरविंद, त्यांचा चेंडू पुढं नेणारा गडी. गावच्या पाटलाघरचा पोरगा. सरांनी यादी वाचल्यासारखं भराभर सांगितलं, तुळशीरामकडं, म्हणजे माझ्याकडं, अरविंद, आणि पुढच्या नावावर गेले. कोणीतरी खाकरलं. सरांनी वर पाहिलं नाही.

घरी सांगितल्यावर माय आधी मटकन खालीच बसली. मग म्हणाली, येईन काय थो खरंच? पाटलाचा हाये ना? मग उठली आणि वस्तीभर बातमी केली. शेजारच्या मावशीनं तुपाची वाटी आणून दिली. कोणी नवी सतरंजी, कोणी पितळेचा तांब्या चिंचेनं लखलखीत घासून. एका घरातून तर खुर्ची आली, जिच्यावर बसवायचं की नाही यावर बराच खल होऊन ती अंगणात तशीच रिकामी ठेवली गेली. मायनं पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या थापून, कापून, वर कोथिंबीर खोबरं लावून, आणि रस्सा असा की वाटीत वर तर्रीचा लाल थर. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वर कांदा फोडून. सगळं झाल्यावर तिनं मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "पानी घेईन काय रे आपल्या हातचं?" मला काय माहीत? मी म्हटलं, घेईन.

दिवेलागणीला अरविंद आला. उंच, लाजरा, नुकतं मिसरूड फुटलेला. दारात चपला काढताना त्यानं देवळीतली बुद्धाची तसबीर पाहिली. मी त्याचं तोंड पाहत होतो. त्याला कळलं, हे मला कळलं. क्षणभर तो तसाच उभा राहिला आणि मग आत येऊन सतरंजीवर बसला. मायनं सवयीनं तांब्या त्याच्यापासून लांब जमिनीवर ठेवला, म्हणजे त्याला वाटलं तर घेईल, नाही वाटलं तर कोणाचाच अपमान नको. बाप दाराशी उकिडवा बसून जमिनीकडं पाहत होता. अरविंदनं तांब्या उचलला नाही, मायकडं हात पुढं केला आणि म्हणाला, "मावशी, पानी द्या." मायनं तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. तो प्याला, थेट, गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती. मग माय चुलीकडं वळली ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

जेवला मात्र पठ्ठ्या पोटभर. रस्सा लागला तसा नाक ओढत, डोळे पुसत जेवला. माझ्या घरी इतकं तिखट नसते म्हणाला आणि पुन्हा वाटी पुढं केली. माय त्याला हवं ते विचारत गेली, माय काय करते, भावंडं किती, आणि तो सांगत गेला. मधेच गरम भाकर वाढताना मायच्या हाताचा धक्का लागून रश्श्याची वाटी कलंडली, तर त्यानं ती खाली पडायच्या आत झेलली. डाव्या हातानं. जेवत उजव्यानं होता, पण घाईत धावला तो डावा हात. मी ते पाहिलं. सरांनी सांगितलं होतं म्हणूनच पाहिलं, नाहीतर माझं लक्ष त्याच्या तिखटानं लाल झालेल्या कानांकडं होतं. तो गेल्यावर मायनं त्याचं ताट लगेच घासलं नाही. चुलीच्या कडेला तसंच ठेवलं आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायांना दाखवलं, हे पाह्य, काही टाकलं नाही पोट्ट्यानं.

सकाळी मी सरांना डाव्या हाताचं सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. घाबरला की डावीकडंच वळणार, म्हणून डावीकडच्या कोपऱ्यात न्यायचा, ठरलं. तेवढ्यात हिरामण विहिरीवरून आला. वणीकडची पोरं तिथं आंघोळी करत होती आणि कोण कोणाकडं काय जेवलं ते सांगत होती. अरविंदही भोळेपणानं सांगून बसला होता, मी तर पाटोडी खाल्ली, अशी कधी खाल्ली नव्हती. कोणाकडं, असं विचारल्यावर त्यानं तेही सांगितलं. लपवलं नाही. हिरामण म्हणाला, ते आयकल्याबरोबर एकानं आपली बादली उचलून तिकडं दूर नेऊन ठेवली. मी ऐकलं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला फक्त राग आला. त्या दूर नेलेल्या बादलीचा पुढं आम्हाला काय उपयोग होणार आहे हे मला कळलं नव्हतं.

सामन्याला अर्धं गाव लोटलं होतं. वस्तीतल्या बाया भिंतीकडच्या निंबाखाली उभ्या होत्या आणि त्यांच्यात माय होती. धुतलेलं लुगडं नेसून, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. पहाटेच उठून तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, अरविंदला परतीच्या वाटेवर खायला. मला तिनं हात केला नाही, पण अरविंद धावत मैदानात आला तेव्हा तिनं शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवलेलं मी पाहिलं.

आम्ही टोपली केली आणि तिथंच उभे राहिलो. लोकांना नवल वाटलं, ही पोट्टी मागं काहून जाऊन नाही राह्यली? चेंडू अरविंदकडं आला. मी त्याच्यापुढं गेलो, तो उजवीकडं वळायला पाहत होता, मी ती बाजू बंद केली, तो डावीकडं गेला, आणि हिरामणनं दार लावलं. कोपऱ्यात अरविंद आणि त्याच्यापुढं आम्ही दोघं. आता मागून त्यांचा मोकळा गडी धावत येईल म्हणून माझी पाठ आपोआप ताठ झाली. कोणी आलं नाही. अरविंदनं एकाला नावानं हाक मारली. तो जागचा हलला नाही. दुसऱ्यानं आपल्या बुटाकडं पाहिलं. चेंडू आम्हाला मिळाला. लोक ओरडले. मला वाटलं, काय कोंडी केली आपण! पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी हिरामणकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि आम्हाला दोघांनाही कळलं की ही आमची करामत नाही.

मध्यांतराला सरांनी संत्र्याच्या फोडी वाटल्या. त्यांचे डोळे चमकत होते. बाकीच्यांना झाकून ठेवा, म्हणाले, अरविंदला एकट्यालाच मोकळा सोडा, म्हणजे फेकणाऱ्याला त्याच्याकडंच चेंडू द्यावा लागेल, आणि एकदा त्याच्याकडं गेला की त्याच्या मदतीला कोणी येणार नाही. हिरामणनं हातातली फोड तशीच धरली होती. "सर," तो म्हणाला, "ते त्याच्याकडे काहून येऊन नाही राह्यले, तुमाले मालूम हाये?"

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"मैदानात मले बॉल दिसते," ते म्हणाले, "बाकी काही दिसत नाही."

तेच वाक्य, तोच माणूस, तोच आवाज. माठाजवळ ऐकलं तेव्हा मला पंख फुटले होते. या वेळी तोंडात संत्रं होतं, ते गिळवेना. सर वाईट होते असं मी आजही कोणाला म्हणू देत नाही. पुढं माझ्या लग्नाला ते आले, वस्तीच्या पंगतीत बसून जेवले. अरविंदला आमच्याकडं पाठवला तो मनापासून की नुसत्या हिशेबानं, हे मी त्यांना विचारणार होतो. कितीदा ओठावर आलं. मग ते गेले आणि राहून गेलं.

उत्तरार्धात आम्ही सांगितलं तसं केलं. दर वेळी चेंडू अरविंदकडं, दर वेळी तोच डावा कोपरा. त्यानं हाका मारणं सोडून दिलं. आम्ही इतके जवळ होतो की त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, आणि त्याला अजून ठेच्याच्या लसणाचा वास होता. शेवटी शेवटी त्यानं कोणाकडं पाहिलंच नाही. कोपऱ्यात वळला, चेंडू दोन्ही हातांत धरला आणि माझ्यापुढं केला. "घे," म्हणाला. रागानं नाही. दमलेला माणूस म्हणतो तसं. मी घेतला. त्या मैदानावर त्याच्या हातून काही घेणारा मी एकटाच होतो. घेतला, फेकला, टोपली झाली, आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

जिंकलो. सरांनी मला उचललं. मी काही चुकीचं केलं असं मला आजही वाटत नाही. नियमात खेळलो, हात लावला नाही, पायानं कोंडी केली. वाईट वाटतं ते वेगळंच. ज्या विटाळानं आमच्या बापजाद्यांना कोपऱ्यात दाबून धरलं, त्याच विटाळाच्या जोरावर आम्ही तो सामना जिंकलो, आणि दाबला गेला तो असा एकटा पोरगा, ज्यानं तो मानला नव्हता. हे मला तेव्हा इतकं नीट सांगता आलं नसतं. यवतमाळला आम्ही पहिलाच सामना हरलो, तेही सांगून टाकतो. तिथल्या पोरांना आमच्या कोंडीचं काहीच वाटलं नाही. एक अडकला की त्याच्याकडं दोघं दोघं धावत येत होते.

पुढं मीही खेळाचा मास्तर झालो, नेरला आणि आणखी कुठं कुठं पोरांना हा डाव शिकवला. डाव चांगलाच आहे, त्याचा काय दोष? पण माझी पोरं आधी अडकलेल्याकडं धावायला शिकायची, कोंडी नंतर. नातू चिडतो. आता सिमेंटच्या मैदानावर, जाळी लावलेल्या कडीखाली खेळतो तो. म्हणतो, आजोबा, आधी कोंडी तर शिकवा, कोंडल्याशिवाय सुटायचं कसं? बरोबर आहे त्याचं. मी आपला म्हणतो, धाव आधी.

सामना संपल्यावर मी मायला घेऊन मोटार स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. वणीकडची पोरं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली होती आणि अरविंद सगळ्यात पुढं, ड्रायव्हरच्या मागं, एकटा. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. माय शिदोरी घेऊन झपझप निघाली होती ती गाडीजवळ आल्यावर हळू झाली. मागच्या खिडक्यांमधून सगळी तोंडं तिच्याकडं पाहत होती, तिच्याकडं आणि तिच्या हातातल्या फडक्याकडं. अरविंदनंही तिला पाहिलं. त्याचा हात खिडकीच्या गजापर्यंत आला. तो घेणार होता की नुसता नमस्कार करणार होता, मला माहीत नाही. एवढं खरं, की दिली असती तर त्यानं ती घेतली असती, आणि मग वणीपर्यंतची सगळी वाट, आणि त्याच्यापुढची शाळा, त्याला त्या पोरांबरोबर काढायची होती.

मी म्हटलं, माय, दे ना. गाडी सुटून राह्यली.

मायनं शिदोरी पदराआड घेतली. अरविंदकडं पाहून नुसती मान हलवली, जा बाबा अशी, आणि मला दंडाला धरून मागं ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "लेकरू एकटंच हाये त्या गाडीत. आता आपुन आखीन कायले कोंडाचं त्याले?"

गाडी गेली. त्या पोळ्या आम्ही घरी आणल्या. संध्याकाळी हिरामण आला तेव्हा मायनं त्या त्याला आणि मला वाढल्या, वरून शेजारच्या मावशीच्या वाटीतलं उरलेलं सगळं तूप ओतलं, आणि समोर बसून राहिली. गोड झालं का, असं तिनं विचारलं नाही. त्यानंतर घरी पाहुणा यावा असं ती कधी म्हणाली नाही.